ग्रेहाउंडला घेऊन युरोपात निघालात? आधी तिचा रक्ताचा रिपोर्ट शोधा

आमची ठमी म्हणजे निवृत्त रेसिंग ग्रेहाउंड, शर्यतीत पळवतात त्या सडपातळ जातीची कुत्री. रेसिंगमधलं नाव भलतंच लांबलचक होतं, घरी आल्यावर दोन दिवसांत ठमी झालं. आई व्हिडिओ कॉलवर अजून दर वेळी विचारते, अगं तिला खायला घालता की नाही, बरगड्या मोजता येतायत. आई, ग्रेहाउंड असाच असतो गं. आता गंमत अशी की परदेशात गेल्यावर हेच "असाच असतो" आपल्याला कुणाला तरी पटवून द्यावं लागतं, फक्त तेव्हा समोर आई नसते, भुलीचं इंजेक्शन भरून उभा असलेला परका डॉक्टर असतो, आणि त्याला मराठी तर सोडाच, इंग्रजीसुद्धा जेमतेम येत असतं.

हे सगळं मी यूकेतून गाडीनं फ्रान्स, स्पेन, इटलीकडे जाणाऱ्यांसाठी लिहितेय, कारण आम्ही तेच करतो. बहुतेक लोक तयारी म्हणजे कागदपत्रं समजतात. कागद लागतातच, त्यावर पुढे बोलू, पण कागद चुकला तर फार फार तर फेरी बोट चुकते. डॉक्टरला ग्रेहाउंड माहीत नसला तर कुत्र्याच्या जिवाशी खेळ होतो. म्हणून आधी ते.

आमचा किस्सा सांगते. दक्षिण फ्रान्समधलं छोटं गाव, रविवार दुपार, ठमी शेताच्या कडेनं पळताना काटेरी तारेला घासली आणि मांडीची कातडी पाकीट उघडावं तशी उघडली. ग्रेहाउंडची कातडी म्हणजे टिश्यू पेपर, दुसऱ्या कुत्र्याला जिथे ओरखडा आला असता तिथे हिला टाके. ड्युटीवरची डॉक्टर तरुण मुलगी होती, मनापासून काम करणारी, पण ग्रेहाउंड तिनं फारसे हाताळलेले नव्हते. भूल द्यायच्या आधी रक्त तपासलं, मशीनमधून कागद आला आणि त्यावर अर्धे आकडे लाल. प्लेटलेट्स १ लाख १८ हजार. आता आपल्याकडे डेंग्यूनं आपल्याला एवढं शिकवलंय की प्लेटलेट दीड लाखाच्या खाली म्हटलं की पोटात गोळा येतो, तसाच तिलाही आला. तिनं फोनवर टाइप करून भाषांतर दाखवलं, गोचिडीचा आजार वाटतोय. त्यात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५८, तेही लाल, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय असं तिचं म्हणणं. मी पिशवीतून मागच्या वर्षीचा आमच्या व्हेटचा, म्हणजे घरच्या प्राण्यांच्या डॉक्टरचा, रिपोर्ट काढला. ठमी ठणठणीत असताना केलेला, प्लेटलेट १ लाख २५ हजार, हिमॅटोक्रिट ५९. तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, एक एक ओळ बोटानं खाली आली आणि म्हणाली, आ, नॉर्मल! तरीही तिनं एक थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितलाच, आणि ते बरोबरच केलं.

तर पहिलं काम हेच. निघायच्या महिना दीड महिना आधी, कुत्रा पूर्ण बरा असताना, आपल्या व्हेटकडून रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या आणि त्याच्या दोन प्रिंट काढा. एक गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये, एक तुमच्या पिशवीत. फोनमध्ये फोटो आहेच म्हणू नका, फोन नेमका तेव्हाच भाषांतराला लागतो.

ग्रेहाउंडचं रक्त वेगळं असतं म्हणजे काय ते थोडक्यात. लाल पेशी भरपूर, हिमॅटोक्रिट ५० ते ६५ टक्के सहज, इतर कुत्र्यांचं साधारण ३७ ते ५५. प्लेटलेट्स कमी, पांढऱ्या पेशी कमी, थायरॉइडचा टी-फोर हा हार्मोन कमी (यावरून कितीतरी ग्रेहाउंड उगाच आयुष्यभर थायरॉइडच्या गोळ्या खातात), ग्लोब्युलिन हे रक्तातलं प्रथिन कमी, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन जरा जास्त. हृदय मोठं, एक्स-रेमध्ये बघून अनोळखी डॉक्टर दचकतो, आणि बऱ्याच जणांना हलका मर्मर, म्हणजे ठोक्यांमध्ये जास्तीचा आवाजही असतो.

आता याची दुसरी बाजू, जी मला जास्त भीतीदायक वाटते आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. वर सांगितलं ते खोटे लाल आकडे. पण खोटे हिरवे आकडेही असतात ना. समजा तुमच्या ग्रेहाउंडचं हिमॅटोक्रिट ४२ आलं, मशीन म्हणणार नॉर्मल, डॉक्टर म्हणणार काळजी नको, आणि प्रत्यक्षात ज्याचं एरवी ५८ असतं त्याचं ४२ म्हणजे कुठेतरी रक्त जातंय किंवा लाल पेशी फुटतायत. तसंच ग्लोब्युलिन. वाळूमाशी आणि गोचिडीमुळे होणाऱ्या लिश्मानिया, एर्लिकिया असल्या आजारांत ते वाढतं, पण ग्रेहाउंडचं मुळातच खाली असल्यामुळे वाढून नॉर्मलच्या रेषेत येऊन बसतं आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि प्लेटलेट कमी दिसल्या की आपण मालक लोक लगेच शहाणपणा करतो, अहो ग्रेहाउंडच्या कमीच असतात! असतात, पण ठमीच्या सव्वा लाख असतात, उद्या ४० हजार आल्या तर तो ग्रेहाउंडपणा नाही, आजार आहे. म्हणून जातीचे आकडे नाही, तुमच्या कुत्र्याचे आकडे हवेत.

रिपोर्टला जोडून एक पान करा, मोठ्या अक्षरात, इंग्रजीत आणि जिथे जाताय त्या देशाच्या भाषेत, आपल्या व्हेटला ते वाचायला देऊन त्याची सही घ्या. आमच्या पानावर पहिली ओळ आहे, हा ग्रेहाउंड आहे. हसू नका, फ्रेंचमध्ये लेव्रिए, इटालियनमध्ये लेव्रिएरो, जर्मनमध्ये विंडहुंट, हा शब्द ऐकला की अर्ध्या डॉक्टरांची ट्यूब पेटते. स्पेनमध्ये गाल्गो म्हणा, तिथल्या डॉक्टरांकडे शिकारीतून टाकून दिलेले गाल्गो सतत येत असतात त्यामुळे बारीक कुत्रा बघून ते गडबडत नाहीत, मला तर स्पेनमध्ये उलट निर्धास्त वाटतं. मग वजन, चालू औषधं, चिप नंबर, आपल्या व्हेटचा फोन. आणि मग भूल.

भुलीचं असं आहे की थायोपेंटल गटातली जुनी औषधं ग्रेहाउंडला नकोत. अंगावर चरबी नाही आणि यकृत ही औषधं फार हळू मोडतं, त्यामुळे कुत्रा तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. हल्ली बहुतेक ठिकाणी हे औषध वापरत नाहीत म्हणा, पण ओळ लिहायला काय जातंय. प्रोपोफॉल चालतं, फक्त उठायला जरा वेळ लागतो, गॅसवरची भूल चालते. एसीपी नावाचं गुंगीचं औषध द्यायचंच तर कमी मात्रेत. आणि भुलीत असताना अंग गरम ठेवायला सांगा, कारण बिनचरबीचं शरीर टेबलावर भराभर थंड पडतं. उलट शुद्धीत असताना याच्या बरोबर विरुद्ध, परक्या क्लिनिकात घाबरून थरथरून हिचा ताप चढतो, आणि तो इन्फेक्शनचा ताप समजला जाऊ शकतो. ठमीचा ४० अंश सेल्सिअसच्या वर गेला होता, पंख्यासमोर अर्धा तास शांत बसवल्यावर उतरला. म्हणून शक्य असेल तर नंबर येईपर्यंत बाहेर सावलीत थांबा, वेटिंग रूममध्ये भुंकणाऱ्या टेरियरशेजारी बसू नका.

टाके घालून झाले, पट्टी झाली, बिल भरलं, सगळं आटोपलं असं वाटतं ना? नाही. ग्रेहाउंडचा सगळ्यात मोठा दगाफटका इथे आहे. यांची रक्ताची गुठळी नीट होते पण लवकर विरघळते, त्यामुळे ऑपरेशननंतर लगेच काही होत नाही, ३६ ते ४८ तासांनी रक्त झिरपायला लागतं. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत डॉ. गिलेर्मो कुटो यांच्या गटानं यावर बरंच काम केलंय, नसबंदीच्या ऑपरेशननंतर चारातल्या साधारण एका ग्रेहाउंडला त्यांना असा उशिराचा रक्तस्राव दिसला, आणि साध्या रक्त गोठण्याच्या टेस्ट आधी नॉर्मलच होत्या. यावर ट्रानेक्सॅमिक अॅसिडसारखी औषधं देतात, पण ती आठवणीनं मागावी लागतात, म्हणून तीही ओळ पानावर हवी.

आता प्रवासी माणसाचा विचार करा, सोमवारी टाके पडले तर बुधवारी सकाळी तुम्ही मोटरवेवर असणार, कुत्रा मागे झोपलेला, आणि तुम्हाला कळणार सर्व्हिस स्टेशनला थांबल्यावर. आमचंही तेच होणार होतं. नवरा म्हणत होता मंगळवारी पहाटे निघू, कॅले बंदर गाठू. आमच्या घरच्या व्हेटला फोन केला तर तो म्हणाला, मुळीच हलू नका. मंगळवारी संध्याकाळी मांडीपासून खाली गुडघ्यामागपर्यंत जांभळं, वांग्याच्या सालीसारखं झालं आणि पट्टी ओली. परत त्याच डॉक्टरकडे, औषध, दाबपट्टी, आणि दोन दिवस जास्तीचं भाडं. काहीही कापाकापी झाली, दात काढला तरी, त्या क्लिनिकपासून वीस मिनिटांच्या आत तीन रात्री काढायच्या हा आता आमच्या घरचा नियम आहे. सुट्टीच्या शेवटी दोन रिकामे दिवस ठेवा, आणि परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा.

उन्हाचं फार सांगायला नको पण थोडं सांगतेच. लोकांना वाटतं सपाट नाकाच्या कुत्र्यांनाच ऊन लागतं. रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०२० च्या अभ्यासात ब्रिटनमधल्या ग्रेहाउंडला उष्माघाताचा धोका लॅब्राडॉरच्या साधारण चौपट दिसला. नुसते स्नायू, पळायला लागला की भट्टी. जुलैत स्पेनला ग्रेहाउंड नेऊ नका, संपला विषय, मे किंवा सप्टेंबर बघा. आणि ऊन लागलंच तर आधी थंड करायचं, मग गाडीत घालून डॉक्टरकडे. नळाचं असेल ते पाणी अंगभर ओतत राहा आणि वारा घाला, ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो दोन मिनिटांत गरम होतो आणि पांघरुणासारखा बसतो. फेरीच्या डेकवर बंद गाडीत कुत्रा ठेवण्यापेक्षा इंग्लंडमधल्या फोकस्टनहून समुद्राखालच्या बोगद्यातून, ट्रेनवर गाडी चढवून गेलेलं बरं, ३५ मिनिटं आणि कुत्रा गाडीत आपल्याजवळ.

आता किडे. गोचीड आपल्याला नवीन नाही, पुण्यात कुत्रा पाळलेल्या प्रत्येकाला टिक फीव्हर माहीत असतो. तिकडे भूमध्य समुद्राकडे तीच तपकिरी गोचीड आणि तोच एर्लिकिया. फ्रान्समध्ये गोचिडीनंच होणाऱ्या बबेसियाची भर, लाल पेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्या आणि लघवी कोकमासारखी होते, त्या दिवशी डॉक्टर गाठायचाच, उद्या नाही. हा आजार आता तिकडचाच राहिला नाही म्हणा, २०१६ मध्ये एसेक्समधल्या हार्लोला परदेशी कधीही न गेलेल्या कुत्र्यांना झाला होता. ग्रेहाउंडचा एक फायदा, केस इतके आखूड की गोचीड दिसते. रोज संध्याकाळी काखेत, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवा. गोचीड काढायच्या हूकनं काढा, गावाकडे रॉकेल लावायचे तसलं काही करू नका.

वाळूमाशी मात्र दिसतही नाही, ऐकूही येत नाही. हिच्यामुळे लिश्मानिया होतो. बिहारमधला काळा आजार ऐकलाय ना, त्याच कुटुंबातला परजीवी, कुत्र्यांना होणारी जात वेगळी. स्पेन, पोर्तुगाल, इटली, ग्रीस, दक्षिण फ्रान्स सगळीकडे. चावल्यापासून आजार दिसेपर्यंत महिने जातात, कधी वर्षं, आणि औषधानं दबतो पण मुळापासून क्वचितच जातो. लस आहे, पण ती चावा थांबवत नाही, चावा थांबवतो डेल्टामेथ्रिनचा पट्टा, आणि तो निघायच्या एक दोन आठवडे आधी गळ्यात हवा, कारण औषध अंगभर पसरायला वेळ लागतो. अंधार पडला की कुत्रा घरात. अंगणात तारे बघत झोपायची हौस तुम्ही करा, ती करणार नाही. इटलीत पो नदीच्या खोऱ्याकडे जात असाल तर डासांमुळे होणारा हार्टवर्म, म्हणजे हृदयातला जंतही आहे, त्याची महिन्याची गोळी व्हेटला विचारून सुरू करा आणि परत आल्यावरही तो सांगेल तेवढे महिने चालू ठेवा.

आणि पाइनच्या झाडावर म्हातारीच्या केसांच्या गोळ्यासारखं पांढरं काही लटकताना दिसलं, हिवाळा संपता संपता किंवा वसंतात, तर तिथून कुत्रा उचलून चालू पडा. त्यातून सुरवंट उतरतात, एकामागे एक रांग करून, आणि त्याला नाक लावलं की जीभ सुजते, सडतेसुद्धा. चोळायचं नाही, भरपूर पाण्यानं धुवायचं आणि थेट डॉक्टर.

कागदांचं भराभर सांगते. ब्रिटनमध्ये काढलेला जुना युरोपियन पेट पासपोर्ट १ जानेवारी २०२१ पासून चालत नाही, दर प्रवासाला नवीन अॅनिमल हेल्थ सर्टिफिकेट, युरोपात शिरायच्या आधीच्या दहा दिवसांत, आणि तेही अधिकार असलेल्या व्हेटकडूनच, सगळे व्हेट देत नाहीत. मे २०२५ मध्ये यूके आणि युरोपनं हे सोपं करायचं जाहीर केलंय, म्हणून बुकिंगच्या आधी सरकारी पान एकदा बघाच. रेबीजची लस चिपनंतरची हवी आणि पहिली असेल तर त्यानंतर २१ दिवस थांबायचं. रेसिंग ग्रेहाउंडवाल्यांनो, कानातला टॅटू म्हणजे ओळख असं समजू नका, ३ जुलै २०११ नंतरचा टॅटू प्रवासाला धरत नाहीत, चिपच लागते, आणि ती रेसिंगवाल्यांच्या नावावरून तुमच्या नावावर झालीय का तेही बघा. नाहीतर ग्रेहाउंड पट्टा सोडवून पळाला, आणि पळाला तर ताशी साठ किलोमीटरनं पळतो, तर फोन जुन्या ट्रेनरला जायचा.

येताना सगळ्यात जास्त लोक अडकतात ते जंताच्या गोळीवर. यूकेत शिरायच्या आधी २४ ते १२० तासांच्या मधे डॉक्टरनं स्वतः गोळी देऊन तारीख आणि वेळ लिहायची असते. समजा रविवारी संध्याकाळी सहाला यूकेत पोचताय, तर गोळी मंगळवारी संध्याकाळी सहापासून शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कधीही. पण शनिवारी दुपारनंतर फ्रान्समधल्या गावात दवाखाना उघडा मिळणं मुश्किल, म्हणून गुरुवारची अपॉइंटमेंट धरा, आणि बाहेर पडायच्या आधी डॉक्टरनं वेळ लिहिलीय का ते तिथेच बघा. आमच्या कागदावर एकदा नुसती तारीख होती, परत अर्धा तास गाडी वळवली. या फेरीचा दुसरा उपयोग असा की तिथेच हिरड्या, वजन, ताप बघून घ्या, प्रवासाच्या आधी एक तपासणी आयती होते.

विम्यात परदेश आहे का, किती दिवस आहे, हे फोन करून नाही, ईमेलवर लेखी विचारा. पैसे तिथे आपण भरायचे असतात आणि नंतर मागायचे, म्हणून बिलावर कुत्र्याचं नाव आणि चिप नंबर लिहून घ्या.

परत आल्यावर डॉक्टरांना सांगा की ही युरोपात जाऊन आलीय, आणि पुढची दोन तीन वर्षं कशाहीसाठी गेलात तरी सांगत राहा, लंगडतेय म्हणून गेलात तरी. एक गोष्ट मला आधी माहीत असती तर विचार केला असता. ग्रेहाउंडचं रक्त दुसऱ्या कुत्र्यांना द्यायला फार उपयोगी, बऱ्याच जणांचा गट कुणालाही चालणारा असतो. पण इथली पेट ब्लड बँक परदेशी जाऊन आलेल्या कुत्र्याचं रक्त घेत नाही. तुमचा कुत्रा नियमित दाता असेल तर सुट्टी की रक्तदान हे आधी ठरवा.

भारतात न्यायचं का असं बरेच जण विचारतात. भारतात शिरायला अॅनिमल क्वारंटाइनवाल्यांचं ना हरकत पत्र लागतं, परत यायला रेबीजची लस लागू पडलीय का ते बघणारी रक्त चाचणी लागते, दर मिलिलिटरला किमान ०.५ आययू, आणि नमुना दिल्यापासून तीन महिने थांबणं. त्यात यूकेत विमानानं कुत्रा येतो तो फक्त कार्गोतून, म्हणजे ही पातळ कातडीची घाबरट बाई नऊ दहा तास विमानाच्या पोटात, आणि गुंगीचं औषध देऊन पाठवणं तर त्याहून धोक्याचं. कायमचं परत जाणार असाल तर गोष्ट वेगळी. सुट्टीसाठी आम्ही ठमीला शेजारच्या बाईकडे ठेवतो, तीन आठवडे सोफ्यावर पालथी पडून असते, आणि आईला व्हिडिओ कॉलवर परत बरगड्या मोजता येतात.